ऑसमॅण्ड ॲप: कर्जत–राजमाची चक्कर आखायला किती भरवशाचं?

रेंज गेल्यावरही चालणारा नकाशा हवा असेल तर ऑसमॅण्ड घ्यावं. पण त्याने काढलेल्या रेघेवर डोळे झाकून माउंटन बाइक घातली, तर राजमाचीच्या खाली सायकल खांद्यावर येणार हे नक्की.

मुंबईहून लोकलने गाठता येईल अशी एक दमदार चक्कर आखून ॲपचे गुणदोष बघू. कर्जत स्टेशन, खोपोली, जुना बोरघाट, लोणावळा, तुंगार्ली, राजमाचीच्या पायथ्याचं उधेवाडी, मग कोंढाणे लेण्यांवरून खाली कोंदिवडे आणि परत कर्जत. सुमारे 65 किलोमीटर. लोकलमध्ये सायकल सामानाच्या डब्यात चढवायची, शक्यतो पहाटेच्या गाडीला.

आधी घरच्या वायफायवर महाराष्ट्राचा नकाशा उतरवून घ्या. मोफत आवृत्तीत मोजकेच नकाशे मिळतात, पण या कामाला एक पुरतो. समोच्च रेषांसाठी, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेघांसाठी, मात्र पैसे भरावे लागतात, आणि ते भरावेतच. सह्याद्रीत समोच्च रेषांशिवाय वाट आखणं म्हणजे अंधारात जिना उतरणं.

सगळ्यात कामाची सोय म्हणजे मार्ग आधीच आखून ठेवण्याची 'प्लॅन अ रूट'. कर्जत ते कर्जत एका दमात मार्ग मागू नका. पाच तुकडे पाडा आणि प्रत्येकाला वेगळं प्रोफाइल, म्हणजे प्रवासाचा प्रकार, द्या. खोपोलीपर्यंत आणि लोणावळा ते उधेवाडी 'सायकल' चालतं. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळावरून जाणारा जुना रस्ता वर काही अंतर एक्सप्रेसवेला मिळतो. तिथे ॲप अडलं किंवा भलताच वळसा दाखवू लागलं, तर तो तुकडा बोटाने बिंदू टाकून हातानेच ओढा. उधेवाडी ते कोंदिवडे 'पायी' ठेवा, मग ॲप कितीही आग्रह करो.

हा उतरणीचा तुकडाच ॲपची खरी परीक्षा आहे. ऑसमॅण्डचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवर उभा आहे, म्हणजे लोकांनी भरलेल्या माहितीवर. तिथे वाटेला 'पाथ' म्हटलं की धनगरांची मळलेली पायवाट आणि दगडधोंड्यांची घाटवाट दोन्ही एकाच तुटक रेघेने दिसतात. वाट सायकलला किती अवघड आहे हे सांगणारी 0 ते 6 अशी श्रेणी ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आहे, पण आपल्याकडच्या बहुतेक वाटांवर ती कुणी भरलेलीच नाही. श्रेणी नाही म्हणजे वाट सोपी, असा अर्थ मुळीच काढू नका.

उंचीच्या आलेखातही गोम आहे. अशा आलेखांमागचा उपग्रहाचा उंचीडेटा साधारण 30 मीटरच्या चौकटींचा असतो. दोन चौकटींमधली आठ-दहा फुटांची पायरी त्यात पुसली जाते. म्हणून आलेखात गुळगुळीत दिसणारा उतार प्रत्यक्षात मोठाल्या दगडांची उतरंड निघतो. उधेवाडीखाली समोच्च रेषा एकमेकींना चिकटल्या आहेत आणि वाट त्यांच्या कडेकडेने न जाता त्यांना सरळ कापते. पडद्यावर असं चित्र दिसलं की समजायचं, इथे ब्रेक नाही, खांदा लागणार. या तुकड्याला दोन-अडीच तास धरा. ॲपने दिलेला वेळ इथे निम्माही नसतो.

पडताळणीसाठी स्ट्राव्हा या व्यायामनोंदीच्या ॲपचा हीटमॅप, म्हणजे जास्त वापरलेल्या वाटा ठळक दाखवणारा नकाशा, लावून बघा, पण 'राइड' निवडून. नाहीतर कोंढाण्याच्या वाटेवरची ठळक रेघ ट्रेकर्सची असते आणि आपण ती सायकलवाल्यांची समजून खूश होतो.

मार्ग जीपीएक्स, म्हणजे वाटेची फाइल, म्हणून साठवला की सेटिंगमध्ये जाऊन एक गोष्ट बंद करा: वाट सोडली की आपोआप नवा मार्ग काढणं. ते चालू राहिलं, तर उधेवाडीत जेवायला शंभर मीटर आत वळलात तरी ॲप नवी रेघ काढतं, आणि बारकाईने ठरवलेले तुकडे गेले वाऱ्यावर. आपण गेलेली वाट ॲप नोंदवतं, त्या नोंदीचा अंतराल पाच सेकंद पुरे. फोन एअरप्लेन मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतं, बॅटरी बरीच वाचते. तरीही 10,000 एमएएचची पॉवरबँक सोबत हवीच. फोन हँडलवर लावू नका. तुंगार्लीनंतरच्या खडकाळ जीपरस्त्यावर माउंट सैल होतो आणि घामेजल्या बोटांनी नकाशा भलतीकडे सरकतो. वळणाच्या सूचना कानात ऐका, फोन खिशात.

दिसायला ॲप किचकट आहे. मेन्यूत मेन्यू, त्यात आणखी मेन्यू. पहिली संध्याकाळ शोधाशोधीत जाते. नुसतं येऊरपर्यंत जाऊन यायचं असेल तर एवढा खटाटोप नको, साधा नकाशा पुरे.

काही गोष्टी कुठल्याच ॲपला कळत नाहीत. पावसाळ्यात लोणावळा–राजमाची रस्त्यावरचे ओढे फुगतात आणि कोंढाण्याची वाट शेवाळाने निसरडी होते, म्हणून ही चक्कर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच ठेवा. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो. उधेवाडी दुपारी दोनच्या आत सोडता आली नाही तर कोंढाण्याचा तुकडा रद्द करून आल्या रस्त्याने लोणावळ्याला परता. त्या परतीच्या वाटेचंही वेगळं जीपीएक्स आधीच करून ठेवा. आणि आपल्या मॉडेलचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा, जास्तीचा घ्या. खांद्यावरची सायकल दगडाला घासली की पहिला वाकतो तो हँगरच, आणि नेमका तो आडगावात मिळत नाही.