बायपास प्रथिनांचे गोळीखाद्य: कोणत्या गाईला द्यावे, कोणत्या नाही

दुभत्या गाईंसाठी ‘बायपास प्रथिनयुक्त’ (म्हणजे कोठीपोटात न फुटता पुढे जाणारे प्रथिन असलेले) म्हणून विकले जाणारे एक गोळीखाद्य गोव्यातील सांखळीच्या बाजारातून आमच्या गोठ्यात गेल्या पावसाळ्यापासून येत आहे. साध्या गोळीपेक्षा ते बरेच महाग असल्यामुळे घ्यावे की नाही, याची चर्चा सत्तरी-डिचोलीकडील गोपालकांत नेहमी चालते. नुकत्याच व्यालेल्या, भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईला त्याचा उपयोग होतो. श्वेत कपिलेसारख्या बेताचे दूध देणाऱ्या देशी गाईसाठी किंवा भाकड जनावरासाठी तो खर्च वाया जातो, असे माझे मत झाले आहे.

त्याचे कारण कोठीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, आहे. गाईने खाल्लेल्या प्रथिनाचा मोठा भाग आतड्यापर्यंत पोहोचतच नाही. कोठीपोटातील सूक्ष्मजीव त्याचे पेप्टाइड, अमिनो आम्ले आणि अखेर अमोनिया असे विघटन करतात व त्यांतूनच स्वतःच्या शरीराचे प्रथिन घडवतात. पुढे हे सूक्ष्मजीवच चौथ्या कप्प्यात आणि लहान आतड्यात पचतात, आणि कमी दुधाच्या गाईची गरज बहुतांशी त्यावरच भागते. परंतु या घडणीला त्याच वेळी ऊर्जाही लागते. भुईमुगाच्या पेंडीतील प्रथिन झपाट्याने फुटते. तेव्हा ऊर्जा अपुरी असेल तर उरलेला अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करते आणि पैसे मोजून आणलेले प्रथिन मुतातून गटारात जाते. आपल्याकडे वापरात असलेली खोबऱ्याची पेंड त्या मानाने सावकाश फुटते, हे तिच्या बाजूने सांगायला हवे.

बायपास खाद्यात पेंडीवर उष्णतेची किंवा फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया करतात, म्हणजे प्रथिन कोठीपोटात टिकते आणि पुढे पचते. उष्णता प्रमाणाबाहेर गेली तर मात्र ते पुढेही पचत नाही. म्हणून मी प्रत्येक पोते उघडल्यावर गोळी तळहातावर मोडून पाहतो. एका पोत्यातील गोळ्या आतूनही काळपट निघाल्या आणि त्यांना करपल्याचा वास होता. दुकानदाराने कुरकुर न करता ते पोते बदलून दिले, ही त्याची जमेची बाजू.

वैरणीचा विचार न करता हे खाद्य देणे चुकीचे आहे. भाताच्या पेंढ्यात प्रथिन जेमतेम 4 टक्के असते, त्यातील सेल्युलोज (तंतूंचा मुख्य घटक) लिग्निन या न पचणाऱ्या कठीण घटकाने जखडलेले असते आणि वर सिलिकाही भरपूर असते. ते सेल्युलोज फोडणाऱ्या जिवाणूंना अमोनिया हवाच. जवळपास सगळे प्रथिन कोठीपोट टाळून पुढे गेले तर हे जिवाणू उपाशी राहतात. आमच्या पेंढ्यावरच्या एका गाईला केवळ हीच गोळी चालू असताना तिचे शेण चाळणीत धुतले, तेव्हा बोटभर लांबीचे धागे जसेच्या तसे दिसले. निम्मी गोळी कमी करून सरकी पेंड आणि हिरवे नेपियर गवत दिल्यावर धागे आखूड झाले आणि रवंथही वाढला. उलट, गोळीचा मारा करून कोठीपोटाचा सामू (pH) 6 च्या खाली नेला, म्हणजे आम्लता वाढवली, तरी हेच जिवाणू मंदावतात.

माझी खरी तक्रार पोत्यावरच्या मजकुराबद्दल आहे. त्यावर कच्ची प्रथिने 22 टक्के एवढेच छापलेले आहे. हा आकडा नत्राला 6.25 ने गुणून काढतात, त्यामुळे त्यात युरियाही प्रथिन म्हणून मोजला जातो, आणि त्यातले कोठीपोटात किती फुटते हे कळण्याची सोय नाही. नायलॉनच्या पिशवीत नमुना भरून तो ठरावीक तास कोठीपोटात ठेवण्याची मोजणीची पद्धत जुनी आणि सर्वमान्य आहे. जादा किंमत ज्या गुणासाठी घेतली जाते, त्याचा आकडा छापायला कारखान्याला अडचण नसावी.

शिवाय पोते 50 किलोचेच मिळते. जुलैच्या दमट हवेत ते उघडे राहिले की तळाला बुरशी धरते, त्यामुळे एक-दोन गाई असलेल्यांनी शेजाऱ्यासोबत वाटून घ्यावे.