ज्युनिपर म्हणजेच हपुषा: दिवाळीपासून होळीपर्यंत घेतल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते. जेवणानंतर पोट फुगणं, गॅस, जडपणा यासाठी ज्युनिपर या देवदारासारख्या सुगंधी झुडपाच्या फळांचा चहा मला चांगला लागू पडला. पण बाटल्यांवर छापलेलं असतं ना, ‘किडनी साफ’, ‘वजन कमी’, ‘शुगर कंट्रोल’, त्यासाठी मी हे कुणालाही घ्या म्हणणार नाही. आपल्या खान्देशातल्या उन्हाळ्यात तर नाहीच नाही.

मी अमळनेरची, वय पन्नाशीच्या पुढे. बीपी नाही, शुगर नाही, कुठली रोजची गोळी नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचा सगळा अनुभव त्यावर अवलंबून आहे. हिवाळा आला की आमच्याकडे भरीत-पुरी, कळण्याची भाकरी, शेवभाजी, वर मिरचीचा ठेचा असा सपाटा सुरू होतो आणि रात्री पोट तट्ट होतं. ओळखीच्या वैद्यांनी हपुषा सुचवली. उत्तरेकडे हिलाच हाऊबेर म्हणतात. हिंगुवचादि चूर्णात ती असते. आपल्या घरात बहुतेक हिंग्वाष्टक असतं, त्यात ती नसते. सुरू करण्याआधी फॅमिली डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि लघवीची तपासणी करून घेतली.

फळं जडीबुटीच्या दुकानातून आणली. वाटाण्याहून थोडी लहान, जांभळट काळी, सुरकुतलेली, टोकाला तीन रेघांची खूण. फोडली की आत कठीण बिया. खलबत्त्यात कुटताच असा काही वास सुटला की सासूबाई आतल्या खोलीतून उठून आल्या. “हाई काय शे वं?” वास देवदाराच्या ताज्या लाकडासारखा, थोडा टर्पेंटाइनकडे झुकणारा. चव आधी किंचित गोड लागते, मग कडवट आणि राळेसारखी, आणि जिभेवर बराच वेळ राहते. पहिल्या घोटाला आवडेल अशी ती नाही.

करायची पद्धत सोपी आहे. सपाट चमचाभर, म्हणजे साधारण २ ग्रॅम फळं भरड कुटायची, त्यावर कपभर उकळतं पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं, दहा मिनिटांनी गाळून जेवणानंतर प्यायचं. उकळत ठेवायचं नाही आणि झाकण विसरायचं नाही, कारण गुण असतो तो तेलात आणि ते वाफेबरोबर उडून जातं. आठवडाभरात फरक जाणवला. ढेकर मोकळा येऊ लागला, रात्रीचा जडपणा उतरला. लघवीला एखाद वेळ जास्त जावं लागलं, तेवढंच. दोन कपांच्या वर कधी गेले नाही, आणि महिना पूर्ण व्हायच्या आत थांबून मध्ये सुट्टी घेत राहिले. जर्मनीत वनौषधींसाठी नेमलेल्या ‘कमिशन ई’ने अपचनासाठी दिवसाला २ ते १० ग्रॅम सुकी फळं ही मात्रा मान्य केली होती, आणि डॉक्टरांना न विचारता चार आठवड्यांपेक्षा जास्त घेऊ नका असंही सांगितलं होतं. मी त्या मात्रेच्या खालच्या टोकाला राहिले. होळीच्या सुमारास पुन्हा तपासणी केली, रिपोर्ट व्यवस्थित आले.

मधल्या काळात ऑनलाइन मागवलेल्या कॅप्सूलही घेऊन पाहिल्या. त्या मला पटल्या नाहीत. लेबलवर अर्काचे मिलिग्रॅम होते, पण तो किती फळांचा अर्क हे नव्हतं, झाडाची जातही नव्हती. विचारणा केली, उत्तर आलं नाही. जात हा बारीकसारीक मुद्दा नाही. हिमालयात ज्युनिपरचे अनेक प्रकार होतात आणि बाजारात ते एकाच नावाने खपू शकतात. त्यातच युरोप-आशियात वाढणारा ज्युनिपेरस सबिना विषारी आहे. आपल्याला हवा तो ज्युनिपेरस कम्युनिस. पाकिटावर हे नाव नसेल तर मी घेत नाही.

आता किडनीचं. जुन्या ग्रंथांत लिहिलेलं असायचं की ज्युनिपर मूत्रपिंडाला झोंबतं. १९९० च्या दशकात काही संशोधकांनी दाखवलं की तो दोष बहुधा टर्पेंटाइन मिसळलेल्या किंवा फळांऐवजी लाकूड-फांद्यांतून काढलेल्या तेलाचा असावा. शुद्ध फळांच्या तेलाने उंदरांच्या मूत्रपिंडाला इजा झाली नव्हती. म्हणून निरोगी माणसाने थोड्या मात्रेत, थोडे दिवस घेण्यात मला धोका वाटत नाही. पण किडनी आधीच कमकुवत असेल तर गोष्ट वेगळी. युरोपच्या औषध नियामकांची सूचनाही तीच आहे: किडनीचा गंभीर आजार असेल, किंवा हृदयासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर घेऊ नये. आमच्या सासूबाईंच्या पायांवर सूज असते, त्यांना हे ‘पाणी काढणारं’ औषध हवं होतं. त्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं. मी डबा वरच्या फळीवर ठेवला.

जाऊबाईंनाही दिलं नाही, त्यांना शुगरच्या गोळ्या चालू आहेत. उंदरांवरच्या प्रयोगांत ज्युनिपरने साखर उतरलेली दिसली आहे. ऐकायला छान वाटतं, पण गोळी आणि हे मिळून साखर फार खाली गेली तर चक्कर येऊन पडायची वेळ. लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल किंवा लिथियम (मानसिक आजारावरचं औषध) चालू असेल तरी नको. गर्भवतीने तर हात लावू नये, आणि दिवस राहण्याची वाट पाहणाऱ्यांनीही. उंदरांवरच्या प्रयोगांत गर्भ न टिकल्याचं आढळलंय, आणि गर्भ पाडण्यासाठी याचा वापर पूर्वापार सांगितला गेलाय. माझ्या भाचीला कुणीतरी ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ म्हणून सुचवलं होतं. तिला मी फोन करून कडक शब्दांत सांगितलं. मुलांनाही नको.

मुतखड्यासाठी घ्यायचं का, असं मला बरेच जण विचारतात, कारण आपल्या भागात खड्याचे रुग्ण घरोघरी. यावर माणसांवर नीट केलेले मोठे अभ्यास नाहीत. त्यात एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, घामाने पाणी जातं, लघवी दाट होते आणि खडे तिथेच धरतात. अशा वेळी शरीरातलं पाणी आणखी बाहेर काढणारी वस्तू घेऊन शेतात उभं राहणं मला धोक्याचं वाटतं. पाणी, ताक, लिंबू-पाणी भरपूर प्या, आणि कंबरेतून कळ आली, लघवीत रक्त दिसलं किंवा ताप भरला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मी स्वतः ऊन तापायला लागल्यावर ज्युनिपर बंद केलं.

तेलाची छोटी बाटलीही मिळते. ती पोटात घेण्यासाठी मुळीच आणू नका. कमिशन ई ची तेलाची दिवसाची मर्यादा २० ते १०० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम काही थेंब, आणि घरात थेंब मोजताना हात चुकायला वेळ लागत नाही. कातडीला लावायचं तरी साध्या तेलात पातळ करून आधी मनगटावर लावून बघा. जुनं, हवा लागलेलं तेल जास्त आग करतं.

घ्यायचंच ठरवलं तर अख्खी फळं घ्या, भुकटी नको, कारण भुकटीत काय मिसळलंय ते कळत नाही आणि वासही लवकर उडतो. दोन बोटांत दाबून बघा, आतून थोडं चिकट लागलं आणि वास आला तर माल ताजा. पन्नास ग्रॅम पुरे होतात. काचेच्या बरणीत, उन्हापासून लांब ठेवा आणि लागेल तेवढंच आयत्या वेळी कुटा.