हास्केल, स्काला की ओकॅमल? फंक्शनल प्रोग्रॅमिंग खोलात शिकणाऱ्यांसाठी

मॅप, फिल्टर, फोल्ड हातात बसलेत, आता मोनाड (पायऱ्या एकापुढे एक जोडण्याचा साचा), टाइप क्लास (वेगवेगळ्या टाइपांनी पाळायचा समान करार), इफेक्ट (छापणं, फाइल वाचणं असे बाहेरचे परिणाम) यांत शिरायचंय, तर भाषा कोणती घ्यावी? माझं मत आधीच सांगतो. कामात स्काला लागणार असली, तरी पहिले तीन-चार महिने हास्केलला द्या.

कारण एकच: हास्केलमध्ये सहज पळवाट मिळत नाही. एखादं फंक्शन इंट घेतं आणि इंट देतं, एवढाच त्याचा टाइप असेल, तर नेहमीच्या मार्गाने त्याच्या आत एक ओळही छापता येत नाही. छापायचं तर टाइपमध्ये आयओ (बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण आहे हे सांगणारा टाइप) आणावाच लागतो. स्कालात तशाच फंक्शनमध्ये प्रिंटएलएन टाका, कंपायलर हूं की चूं करत नाही. मी आधी स्कालाच शिकलो. अडलं की व्हेरिएबल बदलून पुढे जायचो आणि मोनाड नेमका कशासाठी, हे कळायचं राहूनच जायचं.

एक उदाहरण घेऊ. '१२', '७', 'अबक' अशी स्ट्रिंगांची यादी आहे. प्रत्येकीचा आकडा करायचा, आणि एकीचाही झाला नाही तर सगळ्याचं उत्तर नथिंग, म्हणजे 'काहीच नाही'. हास्केलमध्ये ट्रॅव्हर्सला (यादीतल्या प्रत्येकावर फंक्शन चालवून निकाल एकत्र करणारं फंक्शन) रीडमेबी (स्ट्रिंगचा आकडा करून पाहणारं फंक्शन) दिलं की काम झालं. उद्या चूक काय झाली तेही हवं असेल, तर ईदर (उत्तर किंवा चूक, यांपैकी एक धरणारा टाइप) देणारं फंक्शन द्या. फाइली वाचायच्या असतील, तर आयओवालं द्या. ट्रॅव्हर्स तेच राहतं. हा क्षण अनुभवला की अमूर्त कल्पनांची भीती जाते. स्कालाच्या मूळ लिस्टवर ट्रॅव्हर्स नाही, त्यासाठी कॅट्ससारखी लायब्ररी आणावी लागते. ओकॅमलमध्ये हायर-काइंडेड टाइप (लिस्ट, ऑप्शन अशा साच्यांसाठी एकच सर्वसाधारण कोड लिहिण्याची सोय) थेट नाहीत, म्हणून ऑप्शनसाठी (मूल्य आहे किंवा नाही) वेगळं, रिझल्टसाठी (उत्तर किंवा चूक) वेगळं लिहा, नाहीतर फंक्टर वापरा. आणि इथे सांभाळा: ओकॅमलचा फंक्टर मॉड्यूल (एकत्र बांधलेला कोडचा गठ्ठा) घेऊन मॉड्यूल देतो. हास्केलच्या फंक्टरशी (मॅप करता येणाऱ्या टाइपांचा टाइप क्लास) त्याचं फक्त नाव जुळतं.

हास्केलचा त्रासही खरा आहे. भाषा १९९० पासून आळशी मूल्यमापनावर (गरज पडेपर्यंत हिशोब न करणं) उभी आहे. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून दहा लाख आकड्यांची बेरीज फोल्डएलने (डावीकडून केलेला फोल्ड) करा, न सोडवलेल्या बेरजांचा ढीग मेमरीत साचतो. फोल्डएल-प्राइम (त्याचंच, हिशोब लगेच करणारं रूप) वापरलं की तो साचत नाही. मेमरीचा अंदाज यायला वेळ लागतो, हे धरून चाला.

जेव्हीएमवरच्या (जावाचे प्रोग्रॅम चालवणारं आभासी यंत्र) कोडमध्ये उद्यापासून काही उपयोगी लिहायचंच असेल, तर मात्र स्काला घ्या. २०२१ च्या स्काला ३ मध्ये इम्प्लिसिटच्या (कंपायलरने आपोआप पुरवायची मूल्यं) जागी गिव्हन आणि यूझिंग आले, त्यामुळे टाइप क्लास वाचायला बरेच सोपे झालेत. ओकॅमल घ्यायची ती मॉड्यूल्ससाठी आणि इफेक्ट हँडलर्ससाठी (इफेक्ट घडला की काय करायचं ते वेगळ्या जागी ठरवणारा कोड). हे हँडलर्स डिसेंबर २०२२ मध्ये ५.० आवृत्तीत आले. पण तिथले इफेक्ट टाइपमध्ये उमटत नाहीत. म्हणजे शिकणाऱ्याला कंपायलरकडून जो धाक हवा, तो पुन्हा नाहीच.

हास्केल घेतलीत, तर सुरुवातीला लायब्ररी बाजूला ठेवून स्वतःचा छोटा पार्सर (मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा प्रोग्रॅम) लिहा. फंक्टर, ॲप्लिकेटिव्ह (फंक्टर आणि मोनाड यांच्या मधला टाइप क्लास), मोनाड या तिन्हींचे इन्स्टन्स (आपल्या टाइपसाठी त्या त्या टाइप क्लासची अंमलबजावणी) हाताने लिहा. मग तोच पार्सर स्कालात पुन्हा लिहा. मोनाडच्या पायऱ्या जोडणारे स्कालाचे फ्लॅटमॅप आणि फॉर आतून काय करतात, ते तिथे डोळ्यांसमोर दिसेल.