घरीच शिकणाऱ्या मुलीसाठी वाचनाचा कार्यक्रम

इंदूरमध्ये घराबाहेरचा सारा व्यवहार हिंदीत चालत असल्यामुळे, घरीच शिकणाऱ्या आमच्या आठ वर्षांच्या मुलीसाठी आम्ही प्रथम एका सशुल्क मराठी वाचन-कार्यक्रमाचे पैसे भरले. परंतु तेथे प्रत्येक गोष्टीमागे प्रश्नपत्रिका असे, आणि मुलगी गोष्टीपेक्षा प्रश्नांनाच घाबरू लागली. आता आम्ही 'प्रथम बुक्स' या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेने २०१५ साली सुरू केलेले 'स्टोरीवीव्हर' हे मुलांच्या गोष्टींचे विनामूल्य संकेतस्थळ वापरतो. गोष्टी चार वाचनपातळ्यांत विभागलेल्या असल्याने वयाऐवजी वाचनाची तयारी पाहून निवड करता येते, आणि अनेक गोष्टी हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचता येतात, ही सोय आमच्यासारख्या दुभाषी घराला सर्वांत मोलाची वाटली. (गोष्ट कागदावर छापून हवी असल्यास तो खर्च अर्थात आपलाच.) दीर्घ कथा-कादंबऱ्यांसाठी मात्र ग्रंथालय गाठावे लागते.