रखमानिनोव्हचा दुसरा सोनाटा: १९१३ ची आवृत्ती घ्यावी की १९३१ ची?

रशियन संगीतकार सर्गेई रखमानिनोव्हचा बी फ्लॅट मायनर या स्वरातील दुसरा पियानो सोनाटा (अनेक भागांची पियानोरचना; ओपस, म्हणजे रचनाक्रमांक, ३६) बसवायला घेणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो आवृत्तीचा. १९१३ मध्ये रोममध्ये सुरू करून इवानोव्का या रशियातील आपल्या मुक्कामी पूर्ण केलेली ही रचना त्याने १९३१ मध्ये स्वतःच छाटली, सुमारे १२० बार (स्वरलिपीतील तालाचे कप्पे) गाळले आणि २५ मिनिटांच्या आसपासचा सोनाटा १९ मिनिटांवर आणला. पोलिश संगीतकार शोपँचा याच स्वरातील सोनाटा तेवढ्याच वेळात सगळे सांगून मोकळा होतो, हे त्याला खुपत होते असे म्हणतात.

सुरुवात दोन्हींत तीच आहे: वरून एका झेपेत खर्जातल्या बी फ्लॅटवर कोसळणारी सुरावट आणि तिच्या पाठोपाठ अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरत जाणारा मुख्य विषय. हाच विषय पहिल्या भागाच्या मध्यावर घंटानादासारखा दुमदुमतो. (रोममधल्या त्याच मुक्कामात तो ‘घंटा’ ही कोरल सिम्फनी, म्हणजे गायकवृंद आणि वाद्यवृंद यांची मोठी कृती, रचत होता, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.) मात्र १९१३ च्या आवृत्तीत या नादापर्यंतची चढण लांब आणि अवघड असल्यामुळे तो कमावलेला वाटतो, तर १९३१ मध्ये आपण तिथे जरा लवकरच पोहोचतो. शेवटच्या भागातील कापाकापी मला सर्वाधिक खटकते, कारण तिथले काही सांधे उघडे पडले आहेत.

तरीही १९३१ ची बाजू लंगडी नाही. मधले दाट स्वर विरळ केल्याने लेन्टोमधील (संथ मधल्या भागातील) गाणे स्वच्छ ऐकू येते आणि ज्यांचा पंजा रखमानिनोव्हसारखा रुंद नाही त्यांचे हालही काहीसे कमी होतात. पण तेवढ्यावरून ती सोपी समजू नये. विरळ लेखनात पेडलचा (स्वर लांबवणाऱ्या पायपट्टीचा) गोंधळ लपत नाही.

पूर्ण मैफलीत हा सोनाटा मुख्य रचना म्हणून वाजवायचा असेल आणि हाताशी वर्षभराचा सराव असेल, तर १९१३ चीच आवृत्ती घ्यावी. कार्यक्रमात वेळ मोजका असेल, तर १९३१ ची. पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झने १९४० मध्ये रचनाकाराच्या संमतीने दोन्हींचा मेळ घातला आणि पुढे अनेकांनी आपापले मिश्रण केले. तो मार्ग निवडायचा तर आधी दोन्ही आवृत्त्या अखंड वाजवून पाहाव्यात आणि कार्यक्रमपत्रिकेत तसे स्पष्ट छापावे.