८५ एमएम लेन्स दोनदा घेतली, एकदा ऑनलाइन एकदा दुकानातून, आणि फोकसचा सगळा किस्सा

डोळ्यावर फोकस लावला आणि कान शार्प आले. एकदा नाही, सलग. बहिणीच्या मुलीचे पोर्ट्रेट काढत होते, नवीकोरी ८५ एमएम एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान तितकं ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, जास्त उघडं), आणि पन्नासेक फोटोंमधले जेमतेम सहा-सात नीट.

ही लेन्स मी ऑनलाइन घेतलेली. कारण सरळ आहे, स्वस्त पडत होती, रिव्ह्यू चांगले होते आणि दोन दिवसात घरी. पॅकिंग उत्तम, सील शाबूत, काचेवर धुळीचा कण नाही, तक्रार करायला जागाच नव्हती. पण लेन्समधला खरा दोष खोका उघडून दिसतच नाही हो, तो बॉडीला, म्हणजे कॅमेऱ्याला लावून, ॲपर्चर पूर्ण उघडून, माणूस समोर बसवल्यावर दिसतो. आणि मी आधी आठवडाभर बाहेर झाडं-इमारती एफ ८ वर काढत बसले, त्यात सगळं झकास दिसत होतं.

आकडा सांगते म्हणजे कळेल. फुल फ्रेमवर (३५ एमएम फिल्मएवढा मोठा सेन्सर) ८५ एमएम, एफ १.८, माणूस २ मीटरवर, तर शार्प पट्टा मिळतो साधारण ६ सेंटीमीटरचा. म्हणजे डोळ्याच्या पुढे तीन, मागे तीन. तेच एफ ८ केलं की पट्टा पाव मीटरच्या वर जातो आणि लेन्सचा फोकस थोडा सरकलेला असला तरी त्यात खपून जातो.

आधी मी माझीच चूक धरली. मला मधल्या पॉइंटने फोकस लॉक करून मग फ्रेम सरकवायची सवय होती, आणि कॅमेरा नुसता १० अंश फिरवला तरी २ मीटरवर फोकसची पातळी सुमारे ३ सेंटीमीटर मागे पडते, म्हणजे डोळा पट्ट्याच्या अगदी काठावर. ती सवय मोडली, थेट डोळ्यावरचा पॉइंट निवडायला लागले, तरी कानच शार्प. मग म्हटलं आता नीट तपासू.

ट्रायपॉडवर कॅमेरा, चार सव्वाचार मीटरवर (फोकल लेंथच्या, म्हणजे ८५ एमएमच्या साधारण ५० पट) एक छापील खोका सरळ समोर ठेवला, शेजारी पट्टी ४५ अंशात तिरकी, पट्टीचा मधला आकडा खोक्याच्या पुढच्या बाजूच्या बरोबर रेषेत. भरपूर उजेड, ॲपर्चर पूर्ण उघडं, प्रत्येक फोटोआधी फोकस रिंग फिरवून टोकाला न्यायची म्हणजे कॅमेऱ्याला दरवेळी नव्याने शोधावं लागतं. दहा फोटो व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायची खिडकी), दहा लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर बघून). लाइव्ह व्ह्यूचे खोक्यावर बरोबर, व्ह्यूफाइंडरचे दहाही मागे. इथे उलगडा झाला. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आतमध्ये आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, व्ह्यूफाइंडरने फोकस करताना आरशाखालचा वेगळा फोकस सेन्सर काम करतो, लाइव्ह व्ह्यूमध्ये मात्र फोटो घेणाराच सेन्सर बघतो. आरशाचा रस्ता आणि लेन्स यांचा मेळ नसेल तर बॅक फोकस (फोकस मागे पडणं) नाहीतर फ्रंट फोकस (पुढे पडणं) होतो. दोन्ही वस्तू आपापल्या जागी ठीक असून जोडी जमत नाही असंही होतं.

बऱ्याच बॉड्यांमध्ये यावर इलाज असतो, कॅनन त्याला एएफ मायक्रोॲडजस्टमेंट म्हणतं, निकॉन एएफ फाइन ट्यून, मेनूतून फोकस वजा २० ते अधिक २० पर्यंत पुढे-मागे सरकवता येतो, वजा म्हणजे पुढे. (निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉड्यांमध्ये हा मेनूच नाही, त्यामुळे घेण्याआधी आपली बॉडी बघा.) माझी लेन्स वजा १८ वर आली तेव्हा कुठे डोळे शार्प. जवळपास शेवटचं टोक! तरी चालवून घेतलं असतं, पण भिंतीचा सपाट फोटो काढला तर डावी बाजू मऊ, उजवी खणखणीत. ते डीसेंटरिंग, आतली काच तिरकी बसलेली. ते कुठल्याही मेनूने दुरुस्त होत नाही.

तोवर परत करायची १० दिवसांची मुदत संपलेली. आणि बिल नीट वाचल्यावर कळलं की वॉरंटी कंपनीची नाही, विक्रेत्याची स्वतःची आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने त्यामुळे घेतली नाही, विक्रेत्याने घेतली पण पाच आठवडे लावले, परत आली तेव्हा बॅक फोकस कमी झालेला आणि डावी बाजू तशीच. मला खरंच वाईट वाटलं, कारण मधल्या काळात एक साखरपुडा मी उसन्या लेन्सवर काढला.

शेवटी विकली, दोष सांगूनच विकली, आणि दुकानात गेले. माझी बॉडी, ट्रायपॉड, लॅपटॉप सगळं घेऊन. म्हटलं, काका, हीच लेन्स हवीये पण दोन-तीन पीस लावून बघू द्याल का? म्हणाले, "बघा ना, पण आधी तो फिल्टर काढा, फिल्टरसकट टेस्ट करू नका." आणि बरोबरच होतं त्यांचं, हलक्या फिल्टरनेही फोटो मऊ येतो आणि दोष लेन्सच्या माथी जातो. तीन पीस लावले. पहिला पुढे फोकस करत होता, दुसरा मधे चांगला पण एक कोपरा ढिला, तिसरा वजा २ वर चोख आणि चारही कोपरे सारखे. मॉडेल एकच, नंबर फक्त वेगळे! बिलावर सिरियल नंबर आणि कंपनीचं वॉरंटी कार्ड तिथल्या तिथे. पैसे जास्त गेले, मला अजिबात खंत नाही.

ऑनलाइन वाईट असं माझं म्हणणं नाही. एफ ४ ची झूम किंवा मॅन्युअल फोकसची लेन्स मी आजही तिकडून घेईन, मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) वापरणाऱ्यांनाही हा बॅक फोकसचा त्रास जवळपास नाही कारण तिथे फोकस मुख्य सेन्सरवरूनच होतो. डीसेंटरिंग मात्र त्यांनाही चुकत नाही. त्यामुळे ऑनलाइन घेतलीत तर अधिकृत विक्रेता बघा, खोका उघडतानाचा व्हिडिओ ठेवा आणि पहिल्याच दिवशी भिंत आणि तिरकी पट्टी, दोन्ही काढून टाका, पूर्ण उघड्या ॲपर्चरवर. झाडं नंतर.

भाचीचे फोटो परवा पुन्हा काढले. पापण्यांचे केस मोजता येतायत.