बहे बेट की किर्लोस्करवाडी? एका दिवसाच्या सहलीसाठी

सांगलीतून एका दिवसाची सहल निघाली की गाड्या बहे-बोरगावच्या रामलिंग बेटाकडे वळतात. किर्लोस्करवाडी म्हणजे कारखाना, तिथं काय बघायचं, असं म्हणून ती बाजू राहूनच जाते. हातात अख्खा दिवस असेल तर आमचा कौल मात्र वाडीच्या बाजूला आहे.

बेट सुंदर आहे यात शंका नाही. कृष्णेच्या पात्रात रामाचं देऊळ आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती. राम शिवलिंगाची पूजा करत असताना नदीला पूर आला आणि मारुतीनं बाहू आडवे धरून प्रवाह दोन्ही अंगांना वळवला, म्हणून गाव ‘बाहे’, अशी कथा. मूर्तीच्या हातांकडे नीट बघा, पाणी अडवण्याचाच पवित्रा आहे. पण दर्शन, नदी, डबा एवढं दोन तासांत आटोपतं. बत्तीस शिराळ्याचा मारुती जोडून केलात तरच दिवस भरतो. पावसाळ्यात तर फोन करून चौकशी केल्याशिवाय निघूच नका. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि बहे त्याच्या खाली. त्यामुळे इकडे थेंब नसला तरी धरणातून विसर्ग वाढला की पाणी चढतं आणि बेटाची वाट बंद होते. शेवाळलेल्या खडकांवर मुलांना सोडू नका.

किर्लोस्करवाडीचा कारखाना आत जाऊन बघायचा तर आधी परवानगी काढावी लागते. ती नसली तरी गाव बघण्यासारखं आहे. 1910 साली औंधच्या राजांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी हे वसवलं. स्टेशनचं तेव्हाचं नाव कुंडल रोड. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरानं जमिनीत विष उतरेल या भीतीनं शेतकरी तो घ्यायला धजत नव्हते, आणि त्याच नांगरावर ही वाडी उभी राहिली. शेजारचं कुंडल म्हणजे प्रतिसरकारचा बालेकिल्ला.

या बाजूचं खरं सोनं सागरेश्वर. उघड्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून, प्राणी आणून सोडून उभं केलेलं हे अभयारण्य, 10.87 चौरस किलोमीटरचं. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. हरणं, सांबरं दिसायची तर सकाळी लवकर पोचा; उन्हं चढली की जनावर सावलीला जातं आणि लोक ‘काहीच दिसलं नाही’ म्हणत परततात. माणशी दोन लिटर पाणी घ्या, चढ आहे. किर्लोस्कर पॉइंटवरून खाली कृष्णाकाठचा ऊस पसरलेला दिसतो. पायथ्याला जुन्या दगडी देवळांचा समूह, आणि जवळच देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव.

संध्याकाळी औदुंबर. दत्ताच्या पादुका, घाट, पलीकडच्या तीरावर भुवनेश्वरीचं देऊळ. पुराच्या दिवसांत मात्र इथंही पाणी देवळात शिरतं.

बरोबर म्हातारी माणसं असतील आणि चालणं नको असेल तर सागरेश्वरचा डोंगर गाळा. देवळं आणि औदुंबर पुरे. रेल्वेनं येणार असाल तर सगळ्या एक्स्प्रेस किर्लोस्करवाडीला थांबत नाहीत, पॅसेंजर बघा. ठिकाणं विखुरलेली आहेत, म्हणून स्टेशनवरच दिवसभराची रिक्षा ठरवा. स्वतःची गाडी असेल आणि बेट सोडवत नसेल, तर पहाटे सागरेश्वर उरकून ताकारीमार्गे दुपारी बहे गाठा. उलट क्रमानं गेलात तर हरणं चुकतील.